बारावीचं वर्ष आणि ॲडमिशनची तयारी : सोलापूरकरांनी आत्ता काय करून ठेवायचं?

होटगीरोड_मॅडम :
नमस्कार. ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांच्यासाठी हा धागा काढतेय, बाकीच्यांनी पण आपापली माहिती टाका. मी इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि निकालानंतरचे दीड-दोन महिने पोरांच्या ॲडमिशनच्या फॉर्ममध्येच जातात. दरवर्षी तेच डोळ्यासमोर होतं, पोरगं हुशार, पर्सेंटाईल चांगले, आणि हातात कागद नाही म्हणून ओपनमधनं फॉर्म भरावा लागतो, किंवा फी माफीची सीट हातची जाते. मग आई रडते, वडील सेतूच्या लाइनीत, पोरगं गप्प. हे सगळं टाळता येतं, फक्त जूनमध्ये नाही, आत्ता.

तर कागदांचं आधी सांगते. कागद दोन प्रकारचे असतात आणि हा फरक बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. जातीचा दाखला, जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, डोमिसाईल, हे एकदा काढलं की झालं, त्यामुळे हे आत्ताच काढा, दिवाळीच्या सुट्टीत काढा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर (ओबीसी, एसबीसी वगैरेंना लागतो) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हे मात्र आर्थिक वर्षावर चालतात. नॉन क्रिमिलेअरवर मुदत लिहिलेली असते ती बघा, तुमच्या ॲडमिशनच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू पाहिजे. कुणी हौसेने डिसेंबरात काढतं आणि त्याच्यावर येणाऱ्या मार्चची मुदत असते, जूनमध्ये तो कागद बाद. तसं असेल तर १ एप्रिल झाला की लगेच पहिल्या आठवड्यात नवीन टाका, तेव्हा गर्दी नसते.

जेईईवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, आयआयटी एनआयटीला महाराष्ट्राचा फॉरमॅट चालत नाही, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा.

आणि नावं बघा हो नावं. दहावीच्या मार्कलिस्टवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडं तेलुगू कन्नड आडनावं भरपूर, प्रत्येक ऑफिसातला माणूस त्याला वाटेल तसं लिहितो. दहावीचं मार्कलिस्ट प्रमाण धरून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या.

आता विचारा काय विचारायचं ते, रात्री येऊन उत्तरं देते.

---

भवानीपेठ_यंत्रमाग :
मॅडम नमस्कार. मी मागावर कामाला आहे, मिसेस विड्या करते. पोरगी बारावी सायन्सला आहे, मॅथ घेतलंय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. दहावीला लई चांगले मार्क होते. आम्ही पद्मशाली. जातीचा दाखला आहे पण व्हॅलिडिटी नाही. एकजण म्हणतेत तुम्ही एसबीसी, दुसरे म्हणतेत ओबीसी, नेमकं काय ते समजेना. वडील गिरणीत होते, ते वारले. त्यांच्या शाळेचं काय कागद आहे का तेपण माहीत नाही. कुठनं सुरू करू ओ?

---

होटगीरोड_मॅडम :
दादा, दोघं बरोबर सांगतायत. महाराष्ट्राच्या यादीत पद्मशाली एसबीसीत, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग, त्याला राज्यात २ टक्के. केंद्राच्या यादीत ओबीसी. म्हणून सीईटीच्या (राज्याची प्रवेश परीक्षा) फॉर्मला एसबीसी आणि जेईईच्या फॉर्मला ओबीसी, त्यात काही चुकीचं नाही, कागद मात्र दोन वेगळे लागतील. साळी, कोष्टी, देवांग समाजाच्या पोरांना पण नेमका हाच गोंधळ होतो.

व्हॅलिडिटीसाठी एसबीसी आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा विचारतात, जातीचा आणि महाराष्ट्रात राहत होतो याचा. (एससीला १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला, म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींना, २१ नोव्हेंबर १९६१.) सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तुमच्या वडिलांचा, आजोबांचा नाहीतर चुलत्यांचा प्राथमिक शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, त्यात जात लिहिलेली असते. वडील सोलापुरात शिकले असतील तर नगरपालिकेच्या शाळेत असण्याची शक्यता जास्त, ती शाळा बंद झाली असली तरी रजिस्टर दुसऱ्या शाळेकडं नाहीतर शिक्षण मंडळाकडं दिलेलं असतं, तिथं अर्ज करून उतारा मागा. गिरणीतला नोकरीचा कागद, जुना घरपट्टीचा उतारा, हे राहण्याच्या पुराव्याला जोडता येतं.

आणि सगळ्यात आधी हे विचारा, तुमच्या सख्ख्या चुलत भावंडांत, काकांत, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळालीय का. मिळाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा, काम खूप सोपं होतं. अर्ज ऑनलाइन करायचा आणि कॉलेजचं पत्र जोडायचं, ते पोरीच्या कॉलेजच्या ऑफिसात मिळेल. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज समिती शिक्षणासाठी म्हणूनच घेते. कधी कधी सरकार पावतीवर ॲडमिशन देऊन नंतर मुदत देतं पण त्याच्यावर विसंबून राहू नका, मुदत संपली की पोरीची ॲडमिशन ओपनमध्ये जाते आणि फीचा बोजा अंगावर येतो.

---

निवृत्त_हेडक्लार्क :
भवानीपेठ, तुमच्या मिसेसचं विडी कामगार ओळखपत्र आहे ना? मग केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून ते इंजिनिअरिंग मेडिकलपर्यंत, प्रोफेशनल कोर्सला वर्षाला २५,००० रुपये. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. एवढं मोठं विडी कामगारांचं शहर आपलं, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तर घराघरात विडी, तरी किती पोरं हा फॉर्म भरतच नाहीत बघा. एक मात्र आहे, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही मिळत नाही, त्यामुळं दोन्हीतली कुठली जास्त पडते ते बघून मगच भरा. इंजिनिअरिंगला महाडीबीटीवरनं (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) ट्यूशन फी येत असेल तर ती मोठी. पण तुमचं धाकटं लेकरू शाळेत असेल तर त्याच्यासाठी आत्ताच बघा.

---

भवानीपेठ_यंत्रमाग :
हे कुणीच सांगितलं नव्हतं. चुलत भावाच्या पोराला व्हॅलिडिटी आहे, तो पॉलिटेक्निकला होता. उद्याच जातो त्याच्याकडं.

---

बारावी_ब_तुकडी :
मॅडम मी स्टुडंट आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). पप्पांनी आत्ताच ठरवलंय की नीटला नाही लागलं तर एक वर्ष लातूरला ठेवायचं आणि रिपीट करायचं. माझ्या मोठ्या आत्तेभावाने दोनदा रिपीट केलं. मला डॉक्टर व्हायचं नाही असं नाही पण मॉकमध्ये मार्क ३०० च्या आसपासच येतायत आणि मला फिजिओथेरपी नाहीतर मायक्रोबायोलॉजी आवडेल असं वाटतं. घरी हे बोललं की सगळे म्हणतात आधीच हार मानली. काय करू कळत नाही, अभ्यासात पण लक्ष लागत नाही त्यामुळे.

---

लातूर_अनुभव :
बाळा माझा मुलगा लातूरला होता रिपीटला आणि त्याला गव्हर्नमेंट मेडिकल मिळालं, त्यामुळं लातूर पॅटर्नला नावं ठेवणारा मी नाही, तिथली शिस्त, रोजच्या टेस्ट, आजूबाजूला सगळेच अभ्यास करणारे, त्याचा फरक पडतो. पण एक सांगतो पालकांना, त्याचे पहिल्याच वेळी मार्क कटऑफच्या अगदी जवळ होते आणि जायचं त्याला स्वतःला होतं, त्याने हट्ट धरला होता. ज्या पोरांना आईबापांनी नेऊन सोडलं होतं त्यांचं काय व्हायचं ते मी तिथं रूमवर बघितलंय, पोरगं रात्री बापाला फोन करून बरं चाललंय म्हणतं आणि दिवसभर अंथरुणात पडून राहतं.

---

होटगीरोड_मॅडम :
लातूर_अनुभव, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

बाळा, तुझ्या पप्पांना हा धागा वाचायला दे. पप्पा, तुमच्यासाठी लिहिते. २०२५ ला नीटला २२ लाखांच्या वर मुलं बसली, त्यातली १२ लाखांहून जास्त पास झाली, आणि देशातल्या सगळ्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे नीट पास होणं आणि सीट मिळणं यात केवढं अंतर आहे ते बघा. या मुलाने हार मानलेली नाही, त्याला आकडे दिसतायत आणि तो तुमच्याशी बोलायला बघतोय. बारावीतलं पोरगं आपणहून बोलायला येतं हे मी शिक्षक म्हणून सांगते, फार मोठी गोष्ट आहे, तेव्हा त्याला गप्प करू नका.

आता माहिती. फिजिओथेरपीला महाराष्ट्रात नीटचाच स्कोअर लागतो, बीएएमएस, बीएचएमएसलाही नीट, व्हेटर्नरीलाही नीट (आपल्याला जवळची म्हणजे उदगीर, परभणी आणि शिरवळ). त्यामुळं नीटचा अभ्यास वाया कुठंच जात नाही, तो मन लावून कर. नीटबरोबर एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुपचा फॉर्म नक्की भर, बी.फार्मसी आणि बीएस्सी ॲग्रीला तो चालतो, अभ्यास बराचसा तोच आहे आणि तिथं निगेटिव्ह मार्किंग नाही. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. मायक्रोबायोलॉजीला बीएस्सी आपल्या सोलापुरातच होते, तिथं बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन, म्हणून बोर्डाची परीक्षा सोडून देऊ नको.

रिपीटचं आत्ता ठरवूच नका. मेमध्ये नीट होईल, निकाल येईल, तेव्हा मार्क समोर ठेवून तिघं बसा. कटऑफच्या जवळ असेल आणि मुलाची इच्छा असेल तर एक वर्ष जरूर द्या. दीड-दोनशे मार्कांचं अंतर असेल तर आधी फिजिओ, बीएएमएस काय मिळतंय ते बघा. आणि ठरवताना मुलगा त्या खोलीत पाहिजे. मामा, आत्या, शेजारचे काका नसले तरी चालतील.

---

सातरस्ता_७८ :
मॅडम थोडं वेगळं मत मांडतो. पोरांवर सगळं सोडून पण चालत नाही. १७ वर्षाच्या पोराला फिजिओ म्हणजे काय ते तरी माहीत असतं का, रील बघून आवडतं म्हणतेत. बापाला पण चार पावसाळे जास्त दिसलेले असतेत.

---

होटगीरोड_मॅडम :
सातरस्ता, माहीत नसतं हे खरं आहे, मग माहीत करून द्या ना. एखाद्या फिजिओच्या क्लिनिकमध्ये दोन तास बसवा परवानगी घेऊन, सिव्हिलला ओपीडीत घेऊन जा, ओळखीत कुणी लॅबमध्ये कामाला असेल त्याच्याशी बोलू द्या, एका रविवारचं काम आहे. त्यानंतर तो जे बोलेल त्याला वजन द्या. इंजिनिअरिंगवाल्यांना पण हेच सांगते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात नेऊन मेकॅनिकलवाला दिवसभर काय करतो ते एकदा बघू द्या.

---

मोहोळची_आई :
मॅडम आमची मुलगी पीसीएमला (मॅथवाला ग्रुप) आहे. मिस्टरांचं म्हणणं सोलापुरातच घाल, रोज एसटीने येऊन जाऊन करेल. ती म्हणते पुणेच. मला दोघांचं पण पटतं. खर्चाचा अंदाज पण येत नाही. कटऑफ बघायला गेले तर ते जीओपीईएनएच वगैरे काय लिहिलेलं असतं ते कळत नाही. कुणी समजावून सांगेल का.

---

पुण्यात_सध्या :
काकू मी सांगतो, मी सोलापूरचाच, आता पुण्यात थर्ड इयरला आहे, फॉर्म मी स्वतः भरला होता.

ते कोड सोपे आहेत. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल असेल तर लेडीज, म्हणजे मुलींसाठी राखीव सीट. मधे कॅटेगरी, ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर महत्त्वाचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीचा, एस म्हणजे राज्य पातळी. तुम्ही बारावी सोलापूर जिल्ह्यातून करताय म्हणजे तुमची होम युनिव्हर्सिटी आपली अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणून सोलापूर पंढरपूरच्या कॉलेजला एचचा कटऑफ बघायचा आणि पुण्याच्या कॉलेजला ओ नाहीतर एसचा. लई जण पुण्याच्या कॉलेजचा एचचा कटऑफ बघून खूश होतेत आणि नंतर सीट लागत नाही. तुमच्या मुलीने जीवाला पण आणि एलवाला पण बघायचा, मुलींना दोन्हीतनं चान्स असतो. टीएफडब्ल्यूएस लिहिलेलं असेल ती फी माफीची सीट, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी लागत नाही, पण अशा जागा ५ टक्केच आणि त्याचा चॉइस कोड, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा नंबर, वेगळा असतो, शेवटी टी असतो, तो फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो.

पर्सेंटाईलचं पण सांगतो कारण माझ्याच घरात यावरनं भांडण झालं होतं. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के मार्क नाहीत. म्हणजे तुमच्या ग्रुपला परीक्षेला बसलेल्यातले ९० टक्के तुमच्याइतक्या नाहीतर तुमच्याहून कमी मार्कांवर आहेत. लाखो पोरं बसतेत त्यामुळं ९० च्या पुढं अजून हजारो असतेत. टॉपच्या कॉलेजला कॉम्प्युटर ९९ च्या वर बंद होतं, ९० ला पण चांगल्या कॉलेजात चांगली ब्रँच मिळते पण लिस्ट नीट करावी लागते.

लिस्ट करताना पहिल्यापासून मनापासून आवडीच्या क्रमाने लिहा. मिळेल का नाही ते कॉम्प्युटर बघतो. २०२५ पासून चार राउंड झालेत, पहिल्या राउंडला एक नंबरचं मिळालं तर सीट आपोआप फ्रीज म्हणजे पक्की, दुसऱ्याला पहिल्या तीनातलं मिळालं तर फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहातलं. म्हणजे वरचे सहा ऑप्शन असे टाका की मिळालं तर डोळे झाकून जाल. मित्राने टाकलं म्हणून एखादं कॉलेज वर टाकलं आणि तेच लागलं तर पुढच्या राउंडला जाता येत नाही.

आणि एक, वालचंद म्हणून दोन आहेत. आपलं सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ चं, आणि सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९४७ चं. दोन वेगळी कॉलेजं, फी वेगळी, कटऑफ वेगळे. चॉइस कोड बघूनच टाका.

---

मोहोळची_आई :
खूप छान सांगितलंस रे. पुण्याचा खर्च?

---

पुण्यात_सध्या :
काकू मी तिघांत रूम करून राहतो, रूम, मेस, बस, मोबाईल धरून महिन्याला दहा-बारा हजार जातेतच, फी वेगळी. मुलींचं हॉस्टेल कॉलेजचं मिळालं तर थोडं कमी. पहिल्या महिन्यात डिपॉझिट, गादी, भांडी असं एकदम जातं ते वेगळं बाजूला ठेवा.

सोलापूर का पुणे, माझं मत सांगू का, कॉलेज आणि ब्रँच बघा. पुण्यात कुठलंही म्हणून पुणे असं नको. पुण्याच्या बाहेर पार टोकाला असलेली कॉलेजं पण पुणेच म्हणवतेत आणि तिथं प्लेसमेंटला कुणी येत नाही. तसल्या ठिकाणी खर्च करण्यापेक्षा सोलापुरात आवडती ब्रँच घेऊन घरच्या जेवणावर राहिलेलं कधीपण चांगलं. पण चांगलं कॉलेज लागलं तर पाठवा काकू, हुतात्मा एक्सप्रेस आहे, चार तासात घरी येईल.

---

होटगीरोड_मॅडम :
मोहोळच्या ताई, पैशाचं एक महत्त्वाचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतली तर हे काही मिळत नाही. म्हणजे तुम्ही यात बसत असाल तर मुलीचा मुख्य खर्च राहण्या-जेवणाचाच राहील. त्यासाठी पण योजना आहेत, ओपनला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, एससीला स्वाधार, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, या शेवटच्या दोन्हीत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात, उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख आणि आधार योजनेच्या जागा मोजक्या.

अजून एक ताई, तुम्ही आणि मिस्टर, मुलीला समोर बसवून एकदा खरा आकडा सांगा. वर्षाला आपण एवढेच घालू शकतो, त्यापुढं कर्ज, कर्ज किती चालेल. पोरांना घरचा पैसा माहीतच नसतो आणि आईबाप सांगायला लाजतात, मग निकालानंतर एकदम परवडत नाही म्हणतात आणि पोरीला वाटतं माझ्यावर विश्वास नाही. आकडा आधी कळला तर ती स्वतःच लिस्टमधनं कॉलेजं काढते, मी बघितलंय. कर्ज लागलं तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, साडेसात लाखांपर्यंत बँकेला सरकारची हमी मिळते म्हणून तारण द्यावं लागत नाही, शाखेत कुणी जमिनीचे कागद मागितले तर हे सांगा.

---

जुळे_सोलापूर :
एजंट लोकांपासून सावध राहा. सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतेत, नंबर कुठनं मिळतो देव जाणे. आमच्या शेजाऱ्यांकडनं एकाने बाहेरगावच्या एका कॉलेजच्या सीटसाठी रोख पैसे घेतले, पावती नाही, नंतर कळलं की त्या पोराला तेच कॉलेज कॅपमधनं असंच लागलं असतं. पैसे अजून परत नाहीत. वरनं फी माफी गेली ती गेलीच.

---

होटगीरोड_मॅडम :
हो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. खाजगी कॉलेजात संस्था पातळीच्या जागा असतात पण त्यासाठी पण कॉलेज जाहिरात देतं, अर्ज मागवतं, मेरिट लावतं. थेट कॉलेजात जाऊन अर्ज करा, पैसे कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका. आणि मुलाचा लॉगिन पासवर्ड, ओटीपी कुणालाच देऊ नका, नेटकॅफेवाल्याला पण नाही. फॉर्म भरायला मदत घ्या पण समोर बसून. दुसऱ्याने परस्पर ऑप्शन कन्फर्म केले तर नंतर काही करता येत नाही.

---

नवीपेठ_हिशोब :
सगळे सायन्सवरच बोलताय म्हणून मी कॉमर्सचं लिहितो. माझ्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच पालकांना अजून माहीत नाही की बीबीए, बीसीएला महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी आहे. बारावी झाल्यावर बघू म्हणून बसतेत आणि फॉर्मची तारीख निघून जाते. बी.कॉमला नाही, ते बारावीवर. सीएला फाउंडेशनची परीक्षा आता वर्षातनं तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरला, बोर्ड संपल्यावर सप्टेंबर धरून तयारी केली तर निवांत होतं. सीए करायला पुण्याला जायचीच गरज नाही, सोलापुरात आयसीएआयची (सीएंची संस्था) ब्रँच आहे, आर्टिकलशिप इथल्या फर्ममध्ये होते, बी.कॉम बाहेरून किंवा इथंच. माझ्या भाचीने असंच केलं. लॉची पण पाच वर्षाची सीईटी असते बारावीनंतर, आर्ट्सची पोरं पण देऊ शकतेत, त्यांना कुणी सांगत नाही.

---

होटगीरोड_मॅडम :
खूप छान, मी कॉमर्सला कच्ची आहे त्यामुळे तुम्हीच उत्तरं देत राहा.

वेळापत्रकाचं एकदा लिहून टाकते. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतात, राज्याच्या सगळ्या सीईटींचे डिसेंबर-जानेवारीपासून, नीटचा साधारण फेब्रुवारीत. गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वरांची जत्रा) झाला की प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारीत बोर्ड, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, म्हणून फॉर्मचं काम आईबाबांनी स्वतःकडं घ्या, मुलाने फक्त तपासायचं. सीईटी सेलची साइट आठवड्यातनं एकदा उघडून बघायची सवय लावा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर जाऊ नका.

सीईटीच्या पीसीएम ग्रुपला फिजिक्स, केमिस्ट्री ५०-५० प्रश्न एका मार्काचे आणि मॅथ्स ५० प्रश्न दोन मार्कांचे, एकूण २००. अकरावीचा भाग २० टक्के. मॅथ्सला अर्धं वजन आहे हे विसरू नका रे पोरांनो, माझा विषय केमिस्ट्री असून सांगते. आणि बोर्डाला इंजिनिअरिंगसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, राखीवला ४०, सीईटीत भरपूर पर्सेंटाईल आणि बोर्डात इथं अडकलेली पोरं असतात.

---

बारावी_ब_तुकडी :
मॅडम पप्पांनी वाचलं. काही बोलले नाहीत लगेच, पण रविवारी त्यांच्या मित्राच्या ओळखीच्या फिजिओकडं जाऊया म्हणाले. सीईटीचा पीसीबीचा फॉर्म भरायला पण हो म्हणाले.

---

होटगीरोड_मॅडम :
फार बरं वाटलं. जाताना प्रश्न लिहून ने, दिवसात किती पेशंट बघता, सुरुवातीला पगार किती मिळतो, पुढं काय शिकता येतं. पप्पांना पण त्यांचे प्रश्न विचारू दे.

---

माढा_शेतकरी :
मॅडम उशिरा वाचलं. मुलाला बीएस्सी ॲग्री करायचंय. सातबारा माझ्या वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावावर अजून झालेला नाही. त्याचा उपयोग होईल का?

---

होटगीरोड_मॅडम :
दादा, ॲग्रीला सातबाऱ्याचे जादा गुण यंदा धरतात का आणि जमीन कुणाच्या नावावर लागते ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा. आजोबांच्या नावावरचा चालत नसेल तर वाटप किंवा नोंदीचं काम तलाठ्याकडं आत्ताच सुरू करा, फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो. आपला जिल्हा राहुरी कृषी विद्यापीठात येतो पण ॲडमिशन चारही कृषी विद्यापीठांची मिळून सीईटी सेलकडनंच होते, त्यामुळे सीईटीचा फॉर्म पहिला. पीसीएम, पीसीबी दोन्ही चालतं.

---

माढा_शेतकरी :
बरं, तलाठ्याला सोमवारी गाठतो. वडील आहेत अजून, सही करतील.